जुन्या कादंबऱ्या आणि आजचे माप

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी चळवळीच्या अभ्यासवर्गांत जुन्या कथा-कादंबऱ्यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन ठरावीक वाटांनी जाते. पहिली वाट अशी : हे सारे साहित्य पांढरपेशा वर्गाने पांढरपेशा वर्गासाठी लिहिले, त्यात स्त्री सोशिक, कुणबी अडाणी, महार-मांग जवळजवळ अदृश्य, आणि पारधी दिसलाच तर चोर म्हणून दिसतो, तेव्हा परिवर्तनवाद्यांनी ते बाजूला सारावे हे उत्तम. दुसरी वाट अशी : लेखक हा आपल्या काळाचे अपत्य असतो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या राज्यघटनेची कलमे लावणे हा अन्याय होय, तेव्हा काळाच्या मर्यादा ध्यानात घेऊन त्याच्या कलागुणांचा आस्वाद घ्यावा. पहिल्या वाटेने जाणारे बहुधा तरुण असतात, दुसरीने जाणारे बहुधा शिक्षक. विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांनी तर ‘मर्यादा’ हा शब्द इतका झिजवला आहे की लेखकाचे जन्मगाव सांगावे तितक्या सहजपणे विद्यार्थी त्याच्या मर्यादा सांगतो आणि गुण पदरात पाडून घेतो.

या दोन पक्षांचे भांडण जोरात चालते, परंतु एका गोष्टीवर त्यांचे न बोलता एकमत असते. समतेचे माप हे आजचे आहे आणि जुन्या काळाजवळ ते नव्हते, असे दोघेही धरून चालतात. एक पक्ष म्हणतो, ते माप लावा आणि नापास करा. दुसरा म्हणतो, ते माप लावूच नका. ज्या गृहीतावर हा सारा वाद उभा आहे ते गृहीतच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट येथे उपयोगी पडेल. दोन काळांतील किमतींची तुलना करायची तर निर्देशांक लागतो, आणि त्यासाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : आधारवर्ष कोणते धरायचे, आणि टोपलीत कोणाच्या गरजेच्या वस्तू घालायच्या. आपल्या देशात शेतमजुरांचा किंमत निर्देशांक वेगळा काढतात आणि औद्योगिक कामगारांचा वेगळा. कारण एकाच वर्षाची महागाई दोघांना सारखी जाणवत नाही. साहित्याच्या बाबतीत ‘त्या काळी असेच होते’ असे म्हटले जाते तेव्हा आधारवर्ष तेवढे सांगितले जाते. टोपली कोणाची, हे कोणी विचारीत नाही. ‘त्या काळी’ म्हणजे कोणाच्या काळी? एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या सुशिक्षित गृहस्थाच्या, की त्याच वर्षी बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्या?

ताराबाईंचे नाव घेतले ते हेतुतः. बुलढाणा आणि यवतमाळ हे दोन्ही जिल्हे जुन्या वऱ्हाडचे. यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आजचे नाव त्याला १९०५ साली मिळाले. या वऱ्हाडातील ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यास छापले गेले. त्याचे निमित्त म्हणजे सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा खटला. आपले अर्भक मारल्याच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर प्रवचने झोडली. ताराबाईंनी या प्रवचनकारांना उलट विचारले की, जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता त्यांपैकी कोणता पुरुषांत नाही? आणि बायको मेली की पुरुषाने दुसरी करावी, नवरा मेला की बाईने मात्र जिवंतपणी मरावे, हा न्याय कोणत्या देवाने सांगितला? एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या काळच्या कथा आणि नाटके घेऊन त्यांत बायका कशा रंगवल्या आहेत, याचाही त्यांनी खरपूस समाचार घेतला.

म्हणजे मराठी ललित वाङ्मयातील सामाजिक दृष्टीची झडती घेण्याचे काम आजच्या कोणा स्त्रीवादी समीक्षकाने किंवा चळवळीतील तरुणाने प्रथम केले असे नाही. ते वऱ्हाडातील एका बाईने, कोणतीही पदवी हाती नसताना, त्या वाङ्मयाच्या उगमापाशीच केले होते. तिच्यावर टीकेचे मोहोळ उठले तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकात तिची बाजू घेतली. त्याच वर्षी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांना आले, आणि सर्वांना माणुसकीचे हक्क देण्यास जे तयार नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या भावनांचा मेळ बसणार नाही, अशा आशयाचे उत्तर पाठवून त्यांनी जाण्याचे नाकारले. त्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला होता. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, ज्याला मराठीतील पहिली कादंबरी मानतात, ते १८५७ चे. मराठी कादंबरी जन्माला येण्यापूर्वी दोन वर्षे तिला लावायचे माप एका शाळकरी मुलीच्या हाताने तयार होऊन छापलेही गेले होते.

तेव्हा ‘आजच्या मापाने कालचे मोजू नका’ या आक्षेपातील अर्धी हवा येथेच निघून जाते. माप कालचेच आहे. फक्त ते ज्यांच्या हाती होते त्यांना ग्रंथकारांच्या सभेत बसायला पाट नव्हता.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. यमू नावाच्या ब्राह्मण मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ही कहाणी आहे : बालपण, बालविवाह, सासुरवास, शिकलेल्या नवऱ्याच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, बळजबरीचे केशवपन आणि अंत. आज ती वाचणाऱ्या तरुण कार्यकर्तीला काही गोष्टी खटकतात आणि खटकायलाच हव्यात. यमूचे सारे सुख नवऱ्याच्या सुधारकपणावर अवलंबून आहे. तो गेला की तिच्याजवळ स्वतःचे म्हणून काहीच उरत नाही. पुनर्विवाहाच्या उंबरठ्यापर्यंत लेखक तिला जाऊ देत नाही. आणि पांढरपेशा घरांच्या भिंतींबाहेरचा महाराष्ट्र तिच्या कथेत क्वचितच डोकावतो.

‘काळाची मर्यादा’ म्हणून हे सोडून देण्यापूर्वी त्याच १८९० सालची दुसरी एक घटना लक्षात घ्यावी. ज्यांच्या वस्तऱ्याने विधवांचे वपन होई, त्या मुंबईच्या नाभिकांनी एकत्र येऊन हे काम करायचे नाही असे त्या वर्षी ठरवले. त्यांना संघटित करण्यात पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा, म्हणजे फुल्यांच्या अनुयायाचा, ‘दीनबंधू’च्या संपादकाचा आणि भारतीय कामगार चळवळीच्या एका आद्य प्रवर्तकाचा. ‘करमणूक’चा वाचक यमूसाठी डोळे टिपण्याच्या बेतात होता, त्याच सुमारास कष्टकरी माणसे वस्तरा खाली ठेवीत होती. आपट्यांच्या कादंबरीत दुःख आहे आणि त्या दुःखाचे कारण झालेली दुष्ट माणसे आहेत. ती रूढी हाताने चालवणारा माणूस उद्या हात आखडता घेऊ शकेल, ही शक्यता मात्र तिच्यात नाही. ही उणीव काळाची म्हणता येत नाही, कारण काळाने ती शक्यता प्रत्यक्षात आणून दाखवली होती. ती लेखकाच्या उभे राहण्याच्या जागेची उणीव आहे.

आणखी एक गोष्ट अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाला दिसल्यावाचून राहत नाही. कुणबी, महार, मांग आणि इतर श्रमिक जातींत विधवेच्या पाटाची रूढी पूर्वापार होती. शेतात आणि उन्हातान्हात राबणारे दोन हात घराला हवे असत. तेथे तरुण बाईला आयुष्यभर कोपऱ्यात बसवणे परवडणारे नव्हते. सरकारने १८५६ साली विधवा-पुनर्विवाहाचा कायदा केला तो उच्चवर्णीयांचा प्रश्न समोर ठेवून. त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने पुढे हे कलम पाटाची रूढी असलेल्या जातींतील बायकांनाही लागू धरले. म्हणजे उच्चवर्णीय विधवेला जे नव्हते ते देताना श्रमिक विधवेच्या वाट्याचे असले-नसले शेतही गेले. सुधारणेच्या या हिशेबाची दुसरी बाजू त्या काळच्या कादंबऱ्यांतून शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. पुढे प्रतिष्ठेच्या हव्यासाने यांतील कित्येक जातींनीही पाट कमीपणाचा मानण्यास सुरुवात केली, तेव्हा यमूचे कोपऱ्यातले जिणे खेड्यापाड्यांत पोहोचले.

मग आपट्यांना सोडून द्यायचे काय? मुळीच नाही, आणि याचे कारण समाजवाद्यांनी तरी बाहेरून शिकायला नको. एंगल्सने १८८८ साली मार्गारेट हार्कनेस या लेखिकेला लिहिलेल्या पत्रात बाल्झाकविषयी जे म्हटले त्याचा आशय कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. बाल्झाक राजसत्तावादी होता, त्याची सहानुभूती मावळत्या सरदारवर्गाकडे होती; तरी त्या वर्गाचा अंत अटळ आहे हे त्याच्या कादंबऱ्यांनी त्याच्या मताविरुद्ध जाऊन दाखवले, आणि फ्रेंच समाजाच्या आर्थिक व्यवहाराविषयी त्याच्याकडून जे कळते ते व्यावसायिक इतिहासकारांकडून आणि अर्थशास्त्रज्ञांकडून कळत नाही. आपट्यांचेही तसेच आहे. ब्राह्मणी घरातील माजघराची भाषा, सासू-सुनांतील सत्तेची उतरंड, दागिने कोणाच्या ताब्यात आणि किल्ल्या कोणाच्या कमरेला, नव्याने पगारदार झालेल्या मुलाचा आणि जुन्या कर्त्या पुरुषाचा झगडा, हे सारे त्यांनी असे नोंदवले आहे की त्या काळच्या एकत्र कुटुंबाच्या अर्थकारणावर लिहू पाहणाऱ्याने आधी तेथे जावे. पांढरपेशा घराने स्वतःविरुद्ध दिलेली ती साक्ष आहे. साक्षीदार सारे सांगत नाही म्हणून त्याची साक्ष कोणी फाडून टाकीत नाही. दुसरे साक्षीदार बोलावले जातात.

आपट्यांविषयी एवढे बोलणे सोपे आहे, कारण ते आपल्या परिवारातील नव्हेत. खरी परीक्षा साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’पाशी आहे. समाजवादी घरांत हे पुस्तक जवळजवळ पोथीच्या जागी आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले. त्यात एक प्रसंग आहे : एका महार म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि तिला ती उचलून डोक्यावर घेता येत नाही. श्याम आईला विचारतो. आई त्याला जाऊन मोळी उचलू लागायला सांगते, आणि परत आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. श्याम तसेच करतो. गावातील लोक हटकतात तेव्हा तोही हेच सांगतो की घरी जाऊन आपण स्नान करणार आहोत.

या आंघोळीचे काय करायचे? भक्त म्हणतात, त्या काळी, कोकणातल्या त्या ब्राह्मण गावात, एवढे करणे हेच मोठे धैर्य होते. आंघोळीकडे पाहू नका. संतापलेला तरुण म्हणतो, ही दया म्हणजे अस्पृश्यतेचे गोड रूप होय. मोळीला हात लावणारी आई विटाळ मात्र सोडीत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोघेही प्रसंगाचा अर्धा भाग झाकून ठेवतात. मोळी आणि आंघोळ एकाच आईच्या एकाच वाक्यात आहेत, हीच तर त्या प्रसंगाची किंमत. जातिव्यवस्था दुष्टांच्या बळावर टिकली असती तर ती केव्हाच मोडली असती. ती टिकली ती अशा मायाळू, देवभीरू, शेजाऱ्याच्या दुःखाने कळवळणाऱ्या बायका-पुरुषांच्या हातून, ज्यांच्या करुणेला विटाळाच्या नियमात राहूनच वाट काढावी लागे. मुलांसाठी पुस्तक काढताना एखाद्या संपादकाने सद्भावनेने आंघोळ गाळली, तर आई अधिक निर्मळ दिसेल. परंतु आपल्या आजीच्या घरात जात कशी राहत होती हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. जात ही कोणा परक्या, क्रूर माणसांची गोष्ट आहे असे समजून ते मोठे होईल, आणि सध्या वाढणाऱ्या कित्येक मुलांची समजूत तशीच आहे.

शिवाय त्या पुस्तकात काळ एकच नाही. प्रसंग घडतो तो श्यामच्या बालपणात. श्याम तो सांगतो तो मोठा झाल्यावर, आश्रमातील सोबत्यांना, आणि सर्व माणसे देवाला सारखीच प्रिय आहेत असे सांगण्यासाठी. ज्या लेखणीने ती आंघोळ लिहिली, त्याच लेखकाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. आईच्या आंघोळीपासून मुलाच्या उपोषणापर्यंतचे अंतर एका घरात, एका पिढीत तोडले गेले. आंघोळ गाळणाऱ्याला हे अंतर मोजता येणार नाही, कारण सुरुवातीची खूणच त्याने पुसलेली असेल.

तथापि या प्रसंगात एक गोष्ट नाही, आणि ती गुरुजींच्या थोरवीनेही भरून निघत नाही. ती म्हणजे त्या म्हातारीची बाजू. मोळी उचलून देणारा मुलगा घरी जाऊन अंगावर पाणी घेणार आहे, हे तिला ठाऊक असताना तिला काय वाटले असेल? हे लिहायला दुसरी माणसे यावी लागली. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली आले. यांतील कोणतेही एक वाचून मग ‘श्यामची आई’ पुन्हा उघडावी. पुस्तक तेच असते, पण मोळीखालची बाई प्रथमच डोळ्यांपुढे उभी राहते.

जुने साहित्य जाळण्याविषयी आणि बदलण्याविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. दिल्लीत २००४ साली प्रेमचंदांच्या ‘रंगभूमि’च्या प्रती जाळण्यात आल्या, नायक सूरदास याचा उल्लेख जातिवाचक शब्दाने येतो हा आक्षेप होता. जाळणाऱ्यांनी महाडच्या परंपरेशी नाते जोडले तर त्यांना नम्रपणे सांगावे लागेल की, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृती जाळली गेली ती आज्ञा देणारा ग्रंथ म्हणून. शूद्राने काय करावे, स्त्रीने कोणाच्या ताब्यात राहावे, हे ती सांगते आणि पाळायला लावते. कादंबरी आज्ञा देत नाही. ती दाखवते, आणि पुष्कळदा दाखवणाऱ्याच्या मनात नसलेलेही दाखवते. अमेरिकेत मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ची एक आवृत्ती २०११ साली निघाली, तीत काळ्या माणसांसाठी वापरलेला अपमानकारक शब्द दोनशेहून अधिक ठिकाणी बदलून ‘गुलाम’ हा शब्द घातला होता. गुलामगिरीच्या समाजात ज्या शब्दाने माणूस रोज सोलला जाई तो शब्दच नाहीसा केल्यावर त्या समाजाचा अपराध वाचकाला हलका वाटू लागतो, हे त्या संपादकाच्या ध्यानात आले नसावे. याउलट नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठात भाषण करून कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर वंशवादाचा सडेतोड आरोप ठेवला. त्यांनी पुस्तकातला एकही शब्द बदलायला सांगितले नाही. त्यानंतर जगात ती कादंबरी पूर्वीसारखी भाबडेपणाने शिकवणे कोणाही शिक्षकाला अवघड झाले. ताराबाईंनी जे केले ते याच जातीचे काम होते.

यवतमाळ जिल्ह्यात बसून हा विषय बोलताना आणखी एका टोपलीची आठवण ठेवली पाहिजे. येथे गोंड, कोलाम, परधान आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, फासेपारध्यांची बेडे आहेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा देशभरातून गेला १९५२ साली, पण त्याने पेरलेली समजूत कथांतून, चित्रपटांतून आणि पोलीस ठाण्यांतून टिकून राहिली. येथे मराठी कादंबरीच्या बाजूने एक नाव घेतले पाहिजे. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केले आणि त्या अनुभवातून ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. ती १९५० साली आली. तारेच्या कुंपणामागील माणसे तीत चोर म्हणून येत नाहीत. कायद्याने अडकवलेली माणसे म्हणून येतात. वर्गाने आणि जातीने बाहेरची असलेली बाई तेथे जाऊन पाहू शकली. बघणे शक्य होते, एवढे तरी ‘बळी’ने सिद्ध केले. तरीही आतला आवाज यायला लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली यावे लागले, आणि ‘बळी’मध्ये काय सुटले होते ते त्यांच्यामुळे समजले.

आता आजच्या मापाकडे वळू. आजचे माप अधिक न्यायी आहे याविषयी शंका नाही. ते राज्यघटनेत लिहिलेले आहे. परंतु ते वापरात किती आहे, हे पाहिल्याखेरीज मागच्या पिढीचा न्यायनिवाडा करायला बसणे घाईचे होईल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये एक ठराव केला : नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावाने बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपट्यांच्या कादंबरीनंतर एकशे बत्तीस वर्षांनी असा ठराव ही बातमी होते, यावरून त्या कादंबरीतील दृष्टी ‘कालबाह्य’ झाली असे म्हणणाऱ्यांनी काय तो बोध घ्यावा. वस्तरा गेला, कुंकू पुसणारा हात राहिला.

यवतमाळ जिल्ह्यात तर विधवा हा शब्द आता कापसाच्या हिशेबाशी बांधला गेला आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ सहकुटुंब जीवन संपवले. पुढे तशा बातम्या या जिल्ह्यातून येतच राहिल्या. मागे राहिलेल्या बाईला सरकारी मदतीसाठी आधी हे शाबीत करावे लागते की तिच्या नवऱ्याचे मरण ‘पात्र’ होते : जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या संस्थेचे, वसुलीचा तगादा होता की नाही. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, किंवा कर्ज सावकाराचे असेल, तर मरण ‘अपात्र’ ठरण्याचा धोका. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या हातातले शेत काढून घेतले हे वाचून आपण हळहळतो. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात फाइल घेऊन बसलेल्या बाईचा प्रश्नही शेवटी तोच असतो की शेत कोणाच्या नावावर आहे. तिची कादंबरी आज कोणी लिहीत असेल, तर शंभर वर्षांनंतरचा वाचक तीत काय सुटले म्हणून बोट ठेवील, याचा अंदाज बांधणे फार कठीण नाही.

या जिल्ह्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्यानंतर ते पुन्हा आले जानेवारी २०१९ मध्ये, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण विरोधाच्या धमक्यांनंतर संयोजकांनी मागे घेतले, आणि या गोष्टीची साऱ्या देशात नाचक्की झाली. मग उद्घाटन केले कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकऱ्याची विधवा. ‘तेरवं’ या नाटकातून त्या रंगमंचावर उभ्याही राहिल्या होत्या. एका लेखिकेचा आवाज बंद करून झालेल्या जागी त्यांना बोलावणे आले, ही गोष्ट विसरता येत नाही आणि त्याबद्दल संयोजकांची गय करण्याचे कारण नाही. तरीही १८९० च्या यमूच्या तोंडी जे शब्द आले ते एका सहृदय पुरुषाने घातलेले होते; यवतमाळच्या मंचावरून ग्रंथकारांच्या सभेला उद्देशून जे बोलले गेले ते त्या बाईचे स्वतःचे होते. फुल्यांनी १८८५ साली ज्या सभेला जाण्याचे नाकारले, तिचा मंच एका दिवसापुरता का होईना, हलला. दुसऱ्या दिवसापासून परिसंवाद नेहमीसारखे सुरू झाले, हेही खरे.

कार्यकर्त्यांपुढे एक व्यवहार्य सूचना ठेवता येईल. गावोगावच्या अभ्यासवर्गांत जुने पुस्तक एकट्याने वाचू नये, जोडीने वाचावे. ‘पण लक्षात कोण घेतो!’ शेजारी ‘स्त्रीपुरुष तुलना’, ‘श्यामची आई’शेजारी ‘जिणं आमुचं’, ‘बळी’शेजारी ‘उचल्या’. आस्वाद आणि झडती या दोन गोष्टी एकाच बैठकीत होऊ शकतात. वादही होतील, आणि ते पुस्तकातील माणसांवरून होतील. लेखकाचा पुतळा ठेवायचा की काढायचा यावर वेळ जाणार नाही. यांत एकच अडचण आहे. ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणि ‘श्यामची आई’ ही पुस्तके तालुक्याच्या कोणत्याही वाचनालयात मिळतात. ताराबाईंचे पुस्तक मात्र १८८२ नंतर विस्मृतीत गेले होते, स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधली त्र्याण्णव वर्षे निघून गेली होती. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, घाटंजी येथील सार्वजनिक वाचनालयांच्या नोंदवहीत ते आहे की नाही, हे या महिन्यात जाऊन पाहावे, आणि नसेल तर मागणीपुस्तकात नाव लिहून यावे.